सुनीताचे खेकडे आणि पुस्तकातला बर्फ

मंगळवार, संध्याकाळ. कशेळे

काय करू, सुचत नाही. नववीच्या इंग्रजीच्या पुस्तकात वर्षभर नुसता बर्फ आणि परदेशी मुलं. म्हणून मी वाडीवरच्या कातकरी सुनीताला म्हटलं होतं, तुझ्या घरचं काहीतरी इंग्रजीत सांग.

आज ती उभी राहिली. आई ओढ्यात हाताने खेकडे कशी धरते ते सांगत होती. बिळाला शब्द आठवेना, तर म्हणाली, 'क्रॅब्ज हाऊस'. क्रॅब्ज हाऊस! मला किती आवडलं. वर्ग मात्र खो खो हसला.

तेवढ्यात दारात हेडसर. "मॅडम, हे परीक्षेत येणार आहे का?"

"सर, ती भाषाच शिकतेय."

"पालक मला विचारतात. पुस्तक घ्या."

घेतलं. पुन्हा बर्फ. सुनीता खाली बसली ती मान वर न करता.

शाळा सुटल्यावर वाडीकडे जाणाऱ्या जीपपाशी गाठलं तिला.

"बाई, मी नाय येनार आता."

"का गं?"

"माज्या आयेला हसली ती पोरं."

जीप निघून गेली. उद्या सकाळी वाडीवर जाणार आहे. पण मुलीला शाळेत पाठवा, हे तिच्या आईला कुठल्या तोंडाने सांगू?