नातवाला पाठवायची कॅसेट

सुरत, रविवार, १९ जानेवारी १९९७

मालतीने कॅसेटवर नातवाला जे सांगितले, त्यात चूक होती. पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, खायला आम्ही तापीकाठी शनिवारी गेलो, शुक्रवारी नव्हे. दुपारी तरी मला तशी खात्री होती.

पाच महिन्यांचा नातू कॅनडात आहे. आम्ही त्याला अजून पाहिलेले नाही. शेजारच्या हसमुखभाईंचा जावई उद्या पहाटे तिकडे निघणार, त्याच्याबरोबर कॅसेट जाणार. आमच्या धाकट्या नंदूचे लग्न ठरल्याचे सांगून मालती रंगात आली. "अरे सोन्या, संक्रांतीला गच्चीवर तुझ्या आजोबांची माकडटोपी पतंगाच्या दोऱ्याने नेली! हे ‘टोपी, टोपी’ करत टाकीपर्यंत धावले." शेवटी तिने अंगाई म्हटली.

मी मात्र त्या शुक्रवारातच अडकलो. ती स्वयंपाकघरात जाताच फीत मागे नेली, दुरुस्ती भरू लागलो आणि बोलतच राहिलो. टोपी पुसली गेली, अंगाईही. उरले ते पोंकाच्या वारावरचे माझे प्रवचन. बाळाला वार कशाला हवा होता?

संध्याकाळी हसमुखभाई म्हणाले, "शुक्रवारे ज गया हता, साहेब! हुं साथे हतो ने?" म्हणजे वार शुक्रवारच, आणि तेही बरोबर होते.

मालतीला सारे सांगितले. पुन्हा गा, म्हणून विनवले. "आधी वार पाठ करते, मग गाते," म्हणाली आणि मेथी निवडत राहिली. मान वर केली नाही.

पोंक: शुक्रवार, १० जानेवारी.
टोपी: मंगळवार, १४ जानेवारी.
अंगाई: रविवार, १९ जानेवारी. बाळापर्यंत पोहोचली नाही.