एग्मोरची वाळू, बफेलोचा बर्फ

२ नोव्हेंबर २००७, शुक्रवार

आजपासून डायरी. एग्मोर, चेन्नईत बसून मराठीत. तरुण माझा बेस्ट फ्रेंड, पण त्याला मराठी येत नाही. अम्माला बोलता येतं, वाचायचं म्हटलं तर फक्त तमिळ. अक्का अमेरिकेत. अप्पांना वाचता येतं, पण माझं म्हणून ते फक्त मार्कशीट वाचतात.

संकल्प. पाचला उठणे. बी.कॉम.चे अरिअर्स, म्हणजे राहिलेले पेपर, एका दमात काढणे. अक्काला घाबरवणे बंद. तिला फेब्रुवारीत बाळ होणार आहे.

तलै दीपावळी आली, म्हणजे जावयाचा दिवाळसण. अक्का नि विजयेंद्र भावजी बफेलोला. म्हशीच्या नावाचं गाव म्हणून अम्मा नाव घेत नाही, 'तिथं' म्हणते. अप्पांनी फोनवर विचारलं, मापिळ्ळै, म्हणजे जावईबापू, काय पाहिजे. भावजी म्हणाले, काही नको मामा, द्यायचाच तर स्नो ब्लोअर द्या. आणि हसले. अप्पा हसले नाहीत. रेल्वेत क्लार्क होते, विनोद लिहून दिल्याशिवाय त्यांना कळत नाही.

अम्मा म्हणाली, ते काय. मी म्हटलं, दारातला बर्फ फुंकायचं मशीन. अम्मा म्हणाली, फुंकून जातो तर तोंडानं फुंका की.

मशीन निवडायचं खातं माझ्याकडे. घरात इंटरनेट कळणारा मी एकटा.

५ नोव्हेंबर

ब्राउझिंग सेंटर. पूर्ण अभ्यास झाला. मशीन दोन जातीचं. एकात एकच पातं बर्फ खातं आणि फेकतं. दुसऱ्यात एक खातं, दुसरं फेकतं. दोघांत काम वाटलं की जबाबदारी ढकलतात, हे कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये बघितलंय. म्हणून एकच पातं.

पेट्रोल की करंट? अम्मा म्हणाली, पोटुशी पोर घरात आणि पेट्रोल? झालं, करंट. वायरवालं.

सगळ्या वेबसाइट विचारतात, बर्फ किती पडतो, वाट किती लांब, उतार आहे का. अक्काला विचारता आलं असतं. पण विचारलं तर मी एक्स्पर्ट कसला. वायरचं माप आपल्याच घराचं घेतलं, दार ते गेट. घर म्हणजे घर.

७ नोव्हेंबर

गच्चीवर ट्रायल. थर्माकोल कुस्करला, टेबल फॅन लावला. बर्फ मस्त उडाला. खालच्या विशालाक्षी मामींच्या वाळत घातलेल्या साड्यांवर बसला. मामी वर आल्या. अरे नवीन, तुला काही काम नाही का. म्हटलं, मामी, हा रिसर्च आहे. म्हणाल्या, मग माझ्या साडीवरचा रिसर्च एकेक करून वेच.

वेचता वेचता अंधार झाला. वर घरमालकांनी खोली वाढवायला आणलेली वाळू पडून आहे, तिच्यात फावडं रुतलेलं. पलीकडे वेंकोबा ताताची बंद खोली. तिकडे न बघता खाली आलो. बघण्यासारखं काही नाहीच तिथं.

१२ नोव्हेंबर

तरुण शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याच्याकडे कार्ड. त्यानं ऑर्डर टाकली. म्हणाला, डेय, एकदा अक्काला विचार ना. हे सॉफ्टवेअरवाले असेच, स्वतःचं डोकं नाही.

२० नोव्हेंबर, पहाटे

अक्काचा फोन. आपली पहाट म्हणजे तिथली संध्याकाळ, तेव्हा अम्मा उठलेली असते म्हणून ती करते. अम्मा खाली दारात कोलम, म्हणजे रांगोळी, काढत होती. मी घेतला.

अक्का हळू बोलत होती. भावजी सोमवारी दुसऱ्या गावी प्रोजेक्टवर जातात, शुक्रवारी येतात. मध्ये ती एकटी. चारपाच दिवसांपासून बर्फ पडतोय, पाचलाच मिट्ट काळोख. आणि काळोख झाला की दाराबाहेर आवाज येतो. खर्र. थांबतो. परत खर्र. सकाळी बघावं तर दारापासून रस्त्यापर्यंत वाट साफ. कोणी दिसत नाही.

मी म्हटलं, पाय ओढल्यासारखा आवाज? ती म्हणाली, हो. म्हटलं, मग वेंकोबा ताताच. व्हिसा मिळालेला दिसतो.

वेंकोबा ताता म्हणजे वेंकोबा आजोबा, मालकांचे वडील. गच्चीवरच्या खोलीत राहायचे, पाय ओढत चालायचे. ते गेल्यावर मी रोज रात्री अक्काच्या डोक्यावर, गच्चीत, त्यांची चप्पल ओढायचो. लहानपणातलं माझं सर्वांत मोठं यश.

अक्का म्हणाली, नवीन, चेष्टा नको. म्हटलं, चेष्टा नाही, एकच लक्षात ठेव, पडदा उघडू नको. उघडलास की तो मान वळवतो.

तिकडे पडदा ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, बरं.

संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही. मी घाबरवलं नाही. माहिती दिली.

३ डिसेंबर

मशीन पोचलं नाही. रस्ते बर्फानं बंद म्हणून ट्रक अडकलाय. बर्फ काढायचं मशीन बर्फात. यात निवड करणाऱ्याची चूक नाही.

अम्मा-अप्पांचा व्हिसा बाळंतपणासाठी कधीच झालाय. अम्मा जाणार. अप्पा नको म्हणतात. नवीनला एकट्याला ठेवलं तर घर जागेवर राहील का, म्हणे. माझ्याशिवाय त्यांना करमत नाही.

१७ डिसेंबर

मशीन पोचलं. पण आजच मार्गळी महिना लागला. देवाचा महिना, नवं काही सुरू करायचं नाही. अप्पांनी फोनवर सांगितलं, तै महिन्याच्या पहिल्या दिवशी, संक्रांतीला, कुंकू लावा, चाकाखाली लिंबू ठेवा, मग चालवा. तोवर खोक्यात. भावजी म्हणाले, मामा, इथला बर्फ कॅलेंडर बघत नाही. अप्पा म्हणाले, आपण बघतो.

अक्कानं विचारलं, तोवर वाट कोण काढणार. मला उत्तर माहीत होतं, पण गप्प बसलो. हा समजूतदारपणा.

१८ डिसेंबर, पहाटे

खर्र.

आपल्या गच्चीत.

अम्मा खाली कोलमला. अप्पा मार्गळीच्या भजनाला देवळात. घरात मी एकटा. नीट ऐकलं. खर्र. मध्ये थांबणं. मग काहीतरी पडल्यासारखं, धप्प. परत खर्र. माझ्या खाटेच्या बरोबर वर.

वर जाऊन बघणारच होतो. पण चेन्नईला या दिवसांत पहाटेची थंडी बाधते.

१९ डिसेंबर

परत. मांजर असणार. मोठं.

अप्पा देवळातून आले. मार्गळीत देवळातल्या प्रसादाचं गरम पोंगल ही माझी एकच आशा, तर हात रिकामे. म्हणाले, गर्दी होती. काल पण गर्दी होती. नेसलेल्या वेष्टीला वाळू. देवळाबाहेर खोदकाम चालू असणार. तळहाताला पट्ट्या. टाळ वाजवून फोड आले म्हणे. भक्ती एकदम एवढी वाढणं बरं नाही, वय झालंय.

२० डिसेंबर, पहाटे

हे लिहून ठेवलंच पाहिजे.

अक्काचा फोन. कुजबुजत होती. म्हणाली, आलाय, ऐक. आणि रिसीव्हर दाराला लावला.

खर्र.

अमेरिकेतून स्पष्ट ऐकू आलं. मग थांबलं. मग परत खर्र, पण या वेळी रिसीव्हरमधून नाही. वरून. मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. वर खर्र. कानाला लावला. कानात खर्र. तिथं थांबलं की इथं सुरू, इथं थांबलं की तिथं. दोघं एकमेकांना उत्तर दिल्यासारखे.

अक्का म्हणाली, नवीन, आहेस ना तू. हो म्हणायचं होतं. फोन कट झाला. म्हणजे माझ्या हातून झाला.

भूत असं काही नसतं. हे भूत तर मीच तयार केलेलं, मला माहीत नसेल तर कोणाला.

२२ डिसेंबर

भावजींचा फोन. अक्काला काल डॉक्टरकडे जायचं होतं. शेजारची बाई गाडी घेऊन आली, दार वाजवलं. अक्कानं उघडलं नाही. बर्फ पडत होता, अंधारून आलं होतं, तिला वाटलं तोच. पडदे पिना लावून बंद. भावजी घरी आले तर ती दिवाणखान्याच्या मधोमध खुर्ची ठेवून बसलेली, स्वेटरवर स्वेटर घालून. बाळ ठीक आहे. तारीख पुढची मिळाली. पण कळा सुरू होतील त्या दिवशीही असंच केलं तर काय, भावजी म्हणाले.

अप्पांनी मला विचारलं, पडद्याचं तिला कोणी सांगितलं. म्हटलं, ती पहिल्यापासून भित्री.

अप्पा तळहाताची पट्टी आवळत आत गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

हॉलमध्ये झोपायला लागलोय. लाइट चालू ठेवून. अभ्यासासाठी.

२ जानेवारी २००८

ऑपरेशन. तरुण रात्री राहायला आला. टॉर्च, मोबाइलचा कॅमेरा, मिरचीपूड. मिरचीपूड कशाला, तरुणनं विचारलं. म्हटलं, भुताला नाक असतं की नाही कोणाला माहीत.

पाचला खर्र. तरुण म्हणाला, तू पुढे, तुझं घर. म्हटलं, तू पुढे, तू गेस्ट. शेवटी दोघं एकदम चढलो. जिना वळतो तिथून बघितलं.

वाळूच्या ढिगाजवळ एक आकृती. वाकलेली. डोकं पूर्ण गुंडाळलेलं, तोंड नाही. अंगानं जाड. वाकायची, खर्र, काहीतरी उचलायची, मागं फेकायची, धप्प. मग कमरेला हात लावून उभी राहायची. बरोबर वेंकोबा ताताची पाठ. मी ओळखली.

मग तिनं मान वळवली.

खाली कसे आलो ते आठवत नाही. तरुणची एक चप्पल जिन्यात राहिली. मिरचीपूड माझ्याच शर्टावर.

सकाळी अम्मानं इडली वाढली. अप्पा आले आणि तरुणची चप्पल त्याच्या ताटाजवळ ठेवली. म्हणाले, वर पडली होती, घाल. अप्पांच्या हातात मंकी कॅप. घामानं ओली.

तरुण माझ्याकडे बघायला लागला. मी इडलीकडे.

अप्पा म्हणाले, तिथं थंडी असते. स्वेटर, टोपी घालून फावडं मारता आलं पाहिजे. नुसती वाळू काय, कोणी पण ओढेल. अम्मा म्हणाली, या वयात कशाला. अप्पा म्हणाले, तै उजाडेपर्यंत मशीन बंद मीच ठेवलंय. तै लागूनही ते चाललं नाही तर पोरीच्या दारातला बर्फ कोण काढणार, हा?

'हा' म्हणजे मी.

मला अंदाज होताच. तरुणला भीती वाटू नये म्हणून पळालो.

१५ जानेवारी, पोंगल

तै महिना लागला. भावजींनी रजा काढून मशीन बाहेर काढलं. कुंकू, लिंबू. आम्ही सगळे फोनला कान लावून. सुरू झालं. आवाज जोरदार. अम्मानं हात जोडले. छाती भरून आली, निवड माझी.

मग आवाज बंद. भावजी म्हणाले, वायर संपली.

पायरीपाशी संपली. पुढे रस्त्यापर्यंत गुडघाभर बर्फ, आणि वाट आमच्या गल्लीएवढी. जादा वायर जोडली तर पातं ओल्या बर्फात अडकलं. भावजींनी विचारलं, नवीन, माप कुठलं घेतलंस. अप्पांनी गेटकडे बघितलं, मग दाराकडे. त्यांना कळलं. रेल्वेतला माणूस, अंतर डोळ्यानं मोजतो.

शांतपणे म्हणाले, तिकीट दोघांचं काढा.

२१ जानेवारी

अम्मा-अप्पा गेले. एअरपोर्टवर अम्मा रडली. दूध उतू जाऊ देऊ नको, म्हणाली. अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फोडांचे आता घट्टे झालेत, शर्टातून लागतात. म्हणाले, पाचला ऊठ.

२६ जानेवारी

अक्काचा फोन. आवाज मोकळा. भूत सापडलं. अप्पा संध्याकाळी फावडं घेऊन बाहेर गेले, तर पलीकडून खर्र. समोरच्या घरातली म्हातारी. हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला, सुटून आली की काळोखात येऊन वाट काढायची. पोर पोटुशी आहे, एकटी आहे, म्हणून. रोज काम झालं की खिडकीकडे हात हलवायची. पडदा कधी उघडला नाही.

आता ती रस्त्याकडून येते, अप्पा दाराकडून. मध्ये भेटतात, माना हलवतात, घरी जातात. बोलणं नाही, अप्पांचं इंग्लिश फायलीतलं. मशीन कपड्यांच्या खोलीत आहे. त्याची वायर अम्मानं साड्या वाळत घालायला बांधली. माप बरोबर आलं म्हणे.

पडद्यावरून अक्का मला रागावली नाही. पुढच्या वेळी रागावेल.

३ फेब्रुवारी, पहाटे

गच्चीत काही नाही. काहीच नाही. घर इतकं शांत की फ्रिज थांबला तरी जाग येते. पाचला डोळे उघडतात आणि मी वर ऐकत पडतो. आधी आवाजानं झोप यायची नाही, आता याच्यानं.

वर जाऊन आलो. चेक करायला. ढीग या भिंतीचा त्या भिंतीला, कडा सरळ, रेल्वेच्या फायलीसारख्या. फावड्याच्या दांड्याला अप्पांनी जुनी बनियन गुंडाळलीय. धरून बघितलं.

१० फेब्रुवारी

मुलगी झाली. मध्यरात्री कळा, बाहेर वादळ. अप्पा आणि म्हातारी मिळून वाट काढत गेले, मागून भावजींची गाडी. वेळेत पोचले. अक्का ठीक, बाळ ठीक.

संकल्प: उद्यापासून अरिअर्स. नक्की.

१४ फेब्रुवारी

अक्काचा फोन. हसू आवरत नव्हतं. विशालाक्षी मामींनी अम्माला फोन केला होता. म्हणाल्या, आठदहा दिवसांपासून गच्चीत परत भूत येतंय, पहाटे पाचला. पण आधीचं भूत बरं होतं, कामाचं होतं. हे बिनकामाचं. वाळू या भिंतीची त्या भिंतीला करतं, मग परत होती तिथंच आणतं. आणि मधे ढिगावर बसून रडतं.

अक्का म्हणाली, मी मामींना सांगितलंय, पडदा उघडा आणि त्याच्याकडे बघून हात हलवा.

रडत नाही. वाळू डोळ्यांत जाते.