बिननावाच्या दोन पत्रिका

प्रिय धाकट्या,

तिकडे मठात तुला सगळे महाराज म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे. मी तुझं नाक पुसलेलं आहे, माझ्याच्याने काही ते होणार नाही. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि उत्तराला मी आज बसले आहे, पण तो आळस नव्हता. मशीनवर, जिन्यात, बाबांना भरवताना, मनातल्या मनात तुला कितीदा तरी लिहिलं आणि कितीदा तरी उसवलं. कापड असतं तर एव्हाना विरून गेलं असतं. आज दुपारी गिऱ्हाईक नाही, बाबांचा डोळा लागला आहे, म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून कापायच्या टेबलावरच लिहायला घेतलं. मध्येच खडूचे डाग दिसले तर चालवून घे.

आधी बाबांबद्दल लिहिते, कारण तू पत्रात त्यांच्याविषयी एका ओळीत विचारलंस आणि मी नेहमी एका ओळीतच उत्तर देते की बरे आहेत. बरे म्हणजे जेवतात, झोपतात, उन्हात खुर्ची ठेवली तर बसतात. आंघोळ मी घालते. पहिले काही दिवस दोघांनाही लाज वाटली, आता त्यांना वाटत नाही, कारण मी कोण हे त्यांना माहीत नाही. खोटं नाही सांगत. माझा सख्खा बाप मला अहो-जाहो करतो. सकाळी मी चहा घेऊन गेले की विचारतात, बाई, आपण कोणाकडे आलात? सुरुवातीला मी रोज सांगायचे, रोज रडायचे. आता म्हणते, तुमच्याकडेच आले. तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

दुकान चालू आहे. लोक नवे कपडे शिवून घेत नाहीत, पण जुने सैल कर, घट्ट कर, चेन बदल, अस्तर लाव, हे संपत नाही. कोपऱ्यावरच्या शाळेतल्या मास्तरीणबाई दरवर्षी तोच कोट घेऊन येतात आणि दरवर्षी कंबर वाढवून घेतात. आता आत कापडच उरलं नाही म्हटलं तर माझ्यावरच रागावल्या, जणू मीच खाल्लं. परवा मशीनवर बसल्या बसल्या मला डुलकी लागली आणि सुई बोटात गेली. फार नाही, नखाच्या कडेला. पण पाय पेडलवर तसाच होता आणि मशीन चालूच होतं, आणि मला ओरडायचाही कंटाळा आला. हे कोणाला सांगितलं नाही. तुला सांगते आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तू लिहिलंस की पुढच्या महिन्यात शेवटची दीक्षा आहे, त्यानंतर घराशी संबंध राहायचा नाही, पत्रही नाही. लिहिलंस की इतकी वर्षं डोळे मिटून बसतो पण आत काहीच होत नाही, गुडघे तेवढे दुखतात. आणि खाली लिहिलंस, ताई, माझ्या पत्रिकेत आहे ना ते, एकदा बघून कळव, म्हणजे मी निश्चिंतपणे पुढे जातो. ती ओळ तू दोनदा गिरवली आहेस. लहानपणी गणिताचं उत्तर चुकलंय असं वाटलं की तू असंच गिरवायचास.

तुला बाबांचा नेम आठवतो का? अख्ख्या गावाच्या पत्रिका पाहतील पण घरातल्यांची नाही. घरच्या माणसाची पत्रिका वाचताना माया आड येते, म्हणायचे. मांडणी करून द्यायचे, ते नुसतं गणित, पण फळ सांगायचं काम घड्याळवाल्या काकांचं, तेही बाबांसारखेच पत्रिका बघणारे. आणि घड्याळवाले काका त्यांच्या घरच्यांच्या पत्रिका बाबांकडे पाठवायचे. दोघांत ठरलेलं, पत्रिकेवर नाव घालायचं नाही. नाव दिसलं की माणूस दिसतो, आणि माणूस दिसला की जीभ अडते.

आपल्या दोघांच्या पत्रिका तशाच गेल्या होत्या, बिननावाच्या. काका निरोप घेऊन आले तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण आई तेव्हा होती आणि तिने त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला तो ते सांडून बसले. म्हणाले, एक पत्रिका घर सोडणाऱ्याची आहे, आत्म्याच्या वाटेने जाणाऱ्याची, आणि एक घर धरून ठेवणाऱ्याची. बाबांनी मान डोलावली. कोणती कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर नाव घेतल्यासारखं झालं असतं, नेम मोडला असता. आणि विचारायची गरज तरी कुणाला वाटली? मुलगा विरक्त आणि मुलगी सोशिक, कानाला बरं लागलं. त्या दिवसापासून तू गप्प बसलास की आई म्हणायची, बघा कसा आत वळलाय, आणि तू खरं म्हणजे पोट दुखतंय म्हणून गप्प असायचास. मी गप्प बसले की म्हणायची, भांडी पडली आहेत.

तुझी सगळी पत्रं परवा मी पुन्हा वाचली. रागावू नकोस, पण त्यांत ध्यानाची एक ओळ नाही. स्वयंपाकघराचं छप्पर गळतं ते आहे. म्हाताऱ्या गुरुबंधूंना चावत नाही म्हणून तू सगळं मऊ शिजवतोस ते आहे. मांजरीने कोठीत पिल्लं घातली आणि तू कुणाला त्या कोठीचं दार लावू दिलं नाहीस, ते तर दोन पानं आहे. वाचताना मला हसू येत होतं. मठात जाऊन तू संसारच मांडलास की रे.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. बाबांना माणसं आठवत नाहीत, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण पत्रिका समोर ठेवली की ते जागे होतात. मान वर येते, बोट बरोबर घरावर पडतं, आवाज जुना होतो. म्हणून त्यांना बरं वाटावं यासाठी दुपारी मी दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या पत्रिका मांडून नेते, मांडणी मी त्यांच्याकडूनच शिकले. नाव घालत नाही, सवयीने. समोर बसते, ते मला बसा म्हणतात, आणि खेळ सुरू होतो. एकदा कोणाचीच पत्रिका हाताशी नव्हती. मी इतकी दमले होते की उठून दुसरं काही आणायचं त्राण नव्हतं. मी माझीच मांडली आणि समोर ठेवली.

त्यांनी बराच वेळ पाहिली. मग बोट बाराव्या घरावर, मोक्षाच्या घरावर ठेवलं. म्हणाले, इथे केतू आहे, आणि गुरू त्याच्याकडे बघतो आहे. बाई, ही तुमची का? मी हो म्हटलं. तर म्हणाले, तुम्ही कधी एकट्या बसता का? मग मी त्यांना सांगितलं, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. सकाळी शटर वर करायच्या आधी मी दुकानात अंधारातच थोडी बसते. हात मशीनवर असतो. काही विचार करत नाही, काही मागत नाही. आत सगळं निवतं, आणि मग कोणीतरी शटर वाजवतं. मी समजत होते की हा थकवा आहे, उठायचा आळस आहे. बाबा म्हणाले, अहो, याच्यासाठी लोक घरंदारं सोडून जातात. मग तुम्ही इथे कशाला बसलात? निघा की.

मी म्हटलं, घरी वडील आहेत, आजारी असतात. ते म्हणाले, मुलगा नाही का त्यांना? मी म्हटलं, आहे, तो मठात असतो. त्यांनी जरा कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, त्याची पत्रिका आणा उद्या.

आणली. मेष लग्न, चौथ्या घरात चंद्र, तोही स्वतःच्या राशीत. बघताक्षणी बाबांना हसू फुटलं, लहान मूल बघून येतं तसं. म्हणाले, हा तर घराचा माणूस. याला देव भेटलाच तर कुणाला तरी भरवताना भेटेल, डोळे मिटून नाही. याला मठात कोणी धाडलं? धाडणाऱ्याला पत्रिकेतलं ओ की ठो कळत नसणार. मी म्हटलं, कळतं हो, चांगले नावाजलेले आहेत. तर म्हणाले, मग त्यांनी नीट विचारलं नसेल. एवढं बोलले आणि थकून मान टाकली. मी त्यांच्या अंगावर शाल घातली आणि जिन्यात येऊन बसले. मला रडू आलं नाही. मला फक्त कधी नव्हे एवढा राग आला, आणि कोणावर काढावा ते सुचेना. घड्याळवाले काका गेले, आई गेली, आणि उरलेल्या माणसाला मी कोण ते माहीत नाही.

लगेच मी तुला लिहिलं नाही. मला माझाच भरवसा नव्हता. दमलेल्या माणसाला हवं तेच ऐकू येतं. तू परत यावास हे माझ्यासाठी इतकं सोयीचं आहे की ते खरं मानायची मला भीती वाटली. म्हणून त्याच दोन पत्रिका मी पुन्हा पुन्हा नेल्या. क्रम बदलून नेल्या, दुसऱ्यांच्या गठ्ठ्यात घालून नेल्या, एकदा तर तुझी पत्रिका माझी म्हणून पुढे केली. दर वेळी तेच म्हणाले, आणि त्या वेळी म्हणाले, बाई, ही तुमची नव्हे. आता पत्रिका मुळात खरी असते का, हे मला माहीत नाही. इतकी वर्षं या घरात राहूनही नाही. पण दुसऱ्याच्या मापाचा कोट माणूस बाह्या दुमडून वर्षानुवर्षं घालतो, आणि कुठे रुततंय ते कोणाला सांगत नाही, हे मात्र मी रोज दुकानात बघते.

म्हणून हे पत्र. बाबांसाठी ये असं मी लिहिणार नाही, डॉक्टर काय म्हणतात तेही लिहिणार नाही, कारण मग तू कर्तव्य म्हणून येशील आणि कर्तव्याचा आता मला वीट आला आहे. मी माझ्यासाठी लिहिते आहे, आयुष्यात पहिल्यांदाच. मी थकले आहे, धाकट्या. माझी एक लहान बॅग भरून कपाटात तयार आहे. कुठे जाईन ते ठरलेलं नाही, जिथे सकाळी कोणी शटर वाजवणार नाही अशा कुठेतरी. तुला आतून बोलावणं आलं असेल तर खुशाल दीक्षा घे, मी अडवणार नाही, आशीर्वादही देईन. पण त्या बाराव्या घरातल्या केतूच्या भरवशावर घेऊ नकोस. तो माझा आहे. इतकी वर्षं तू सांभाळलास, आता आणून मला परत दे. आलास तर थेट वर जा, जिन्याच्या कठड्यावर भार टाकू नकोस, तो अजून हलतो. बाबा तुला ओळखणार नाहीत. बसा म्हणतील. तू बस.

तुझीच,
दमलेली ताई