स्वखुशीने

अण्णा, वाघोलीच्या जमिनीचं हक्कसोडपत्र धाकट्याने परवा माझ्यासमोर ठेवलं. माझा हिस्सा मी त्याच्यासाठी सोडते आहे, असा मजकूर. त्यात तुमचा तो शब्द आहेच, 'स्वखुशीने', आणि त्याच्या पाठोपाठ 'कोणाच्याही दडपणाशिवाय'. मी पेन उचललं नाही.

तुम्ही कोर्टाजवळ दस्त लिहायला बसायचात आणि शाळा सुटली की मी तिथे यायचे. मी मसुदा मोठ्याने वाचायचा, तुम्ही टाइप केलेल्या प्रतीवर बोट फिरवायचं. एकदा विचारलं, प्रत्येक कागदात हा शब्द कशाला? तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "पाणी ओलं आहे असं कुणी लिहितं का? शंका असते तिथंच लिहावं लागतं." पुढे वर्तमानपत्रात बातम्या तपासताना 'एकमताने' असं दिसलं की मी आधी फोन फिरवायचे, तो या वाक्यामुळेच.

पण आत्याने सही केली तो दिवस त्या वाक्याशी जुळत नाही. तिचं हक्कसोडपत्र तुमच्या नावाने होतं आणि लिहिलंही तुम्हीच. ती टेबलाच्या कडेला पदर सावरून बसली आहे. "दादा, तू लिवलंय म्हंजे बराबरच आसंल. सही कुठं करू त्ये दाव." तरी तुम्ही वाचून दाखवता, तुमची शिस्त. दुसरी प्रत माझ्या हातात आहे. गट नंबर येतो, चारी बाजूंच्या हद्दी येतात, 'स्वखुशीने'ची ती एक ओळ मात्र येत नाही. मी म्हणते, "अण्णा, एक ओळ राहिली." तुम्ही वर न बघता म्हणता, "तुला कुणी विचारलंय?" आत्या सही करते. त्या भाऊबीजेला तिला नेहमीपेक्षा भारी साडी मिळाली. ओळ नजरचुकीने सुटली, की बहिणीच्या तोंडावर वाचवेना, हे मला आजही ठरवता येत नाही. वाचवेना असं असेल, तर मग तुम्हाला सगळं माहीत होतं. तिच्यावर दडपण कुणी आणलं नव्हतं, हेही खरं. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला माहेर उरत नाही, एवढं तिला न सांगता कळत होतं.

"ताई, फॉर्मॅट आहे गं तो," धाकटा म्हणाला. "सगळ्यांच्यात तेच असतं."

"मग माझ्यात नको. तो शब्द काढ, मग बघू."

"अगं, प्रूफं तपासायला नाही दिलेलं तुला!"

मला वाटलं, आता हे महिनाभर लांबेल. आज सकाळी त्याचा फोन. वकील शब्द काढायला तयार आहेत, शुक्रवारी ये. इतक्या सहज निघाला, म्हणून मला पुन्हा संशय आला. मग फोन ठेवल्यावर लक्षात आलं, संशय माझ्यावरच घ्यायला हवा. शब्द राहिला काय, गेला काय, मला सही करायचीच नाही. मला माझा हिस्सा हवा आहे. हे एवढं वाक्य भावाला म्हणवेना, म्हणून मी त्याच्या कागदात चुका काढत बसले.

शुक्रवारी काय म्हणेन, माहीत नाही. हे पत्र कुठे जाणार नाही म्हणून ते वाक्य लिहिता तरी आलं. तुम्ही असतात, तर तुम्हालाही लिहिलं नसतं.