नऊ खेळाडू, एकेचाळीस मतं

१४ एप्रिल, मंगळवार. सकाळी ७:४०
हॅस्केल जातोय. पक्की बातमी. नवा खुबा बसवायचाय आणि डॉक्टरने पायऱ्या चढायला मनाई केलीय. आमच्या विधानभवनात पायऱ्यांशिवाय आहे काय? एक लिफ्ट, तीही अडकणारी. म्हणजे ११ जूनला पक्षाचे एकेचाळीस आमदार बंद दाराआड बसून गुप्त मतदानाने नवा विरोधी पक्षनेता निवडणार. बहुमताला एकवीस.
लायक माणूस कोण, यावर दाढी करताना निःपक्षपातीपणे विचार केला. मीच.
चोवीस वर्षं गाद्यांचं दुकान चालवलं. आता एक गादी स्वतःसाठी.

१५ एप्रिल
कल्पना सुचली. दरवर्षी १० जूनला सत्ताधारी विरुद्ध विरोधी असा बेसबॉलचा सामना असतो, अग्निशमन दलाच्या मदतीसाठी. म्हणजे मतदानाच्या आदल्याच दिवशी. आम्ही सलग नऊ वर्षं हरलोय. गेल्या वर्षी २२–३. जिंकणाऱ्याला मिळतं ते पितळी हेल्मेट नऊ वर्षं सभापतींच्या टेबलावर आहे. ते त्यात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवतात.
मी संघाचा मॅनेजर झालो. विरोध झाला नाही. दुसरं कोणी उभंही नव्हतं.
माझ्या ऑफिसात बर्निस आहे. एकतीस वर्षं विधानभवनात काढलेली बाई. तिला योजना सांगितली: जो संघ बांधतो तो पक्ष बांधतो. तिने विचारलं, साहेब, तुम्ही शेवटचं कधी खेळलात? म्हटलं, नेतृत्व हा खेळण्याचा विषय नाही. ती पुन्हा स्टेपल मारायला लागली.

१७ एप्रिल
मैदानावर जागा नऊ. एकेक जागा विचारपूर्वक वाटायची आणि बदल्यात मत घ्यायचं. सौदा नव्हे. परस्पर विश्वास.
सुरुवात थर्मन विकपासून. वय शहात्तर, बीट पिकवणाऱ्या पट्ट्यातला. तिकडचे पाच आमदार कॉफीबरोबर ॲपल पाय घ्यावा की चेरी पाय, हेसुद्धा त्याला विचारल्याशिवाय ठरवत नाहीत. म्हणजे एका थर्मनमागे सहा मतं. त्याला पिचर व्हायचंय, म्हणजे चेंडू टाकणारा. अडुसष्ट साली त्याने शाळेच्या संघातून कोणाकोणाला बाद केलं ते सगळं ऐकून घेतलं. कॉफी तीन कप. त्याचा हात खांद्याच्या वर जात नाही. सभागृहात बोलायची परवानगी मागतानाही तो नुसती पेन्सिल उभी करतो.
दिला शब्द. पिचरला अनुभव लागतो.

२३ एप्रिल
पेच. नवा आमदार इग्नासिओ बेल्ट्रान गुरांचा डॉक्टर आहे, पण त्याआधी चार वर्षं पैसे घेऊन बेसबॉल खेळलाय. पिचर होता. दुपारी पार्किंगमध्ये त्याने चेंडू टाकून दाखवला. चेंडू दिसला नाही. आवाज तेवढा आला, आणि झेलणाऱ्याने हातमोजा काढून बोटं मोजली.
त्याला बाजूला घेऊन मताचं विचारलं. म्हणाला, जूनमध्ये विचार करून ठरवीन.
विचार करणारा माणूस धोक्याचा. त्याला राइट फील्डला टाकलं. तिथे हंगामात एखादा चेंडू येतो, तोही चुकून.

२४ एप्रिल
रोझलिन ऑकरबद्दल कुजबुज आहे की तीही पक्षनेतेपदाला उभी राहणार. मला तसं काही दिसत नाही. एकोणीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. कोणाकडे मत मागत नाही, नाश्त्याला बोलवत नाही. कॉलेजात सेकंड बेसला खेळायची म्हणे. तिने मला एकच विचारलं, सराव किती वाजता?
तिच्यासाठी खास जबाबदारी निर्माण केली: पाणी आणि मलमपट्टी. बरं म्हणाली. बायकांना मोठेपणाची हाव नसते. हे वाक्य घरी बायकोला, अर्लीनला, वाचून दाखवलं. तिने जेवणात मीठ घातलं नाही.

५ मे. सकाळी १०
सराव रोज सकाळी साडेसहाला, विधानभवनामागच्या हिरवळीवर. मला जायला जमलेलं नाही, कारण त्याच वेळी मतांचे नाश्ते असतात. पॅनकेक, अंडी, बेकन, निष्ठा. वजन चार पौंड वाढलं.
सराव रोझलिन घेते असं कळलं. माझ्या वतीने. चांगलंय.
मतं आजपर्यंत: तेवीस.

१२ मे
स्वतः उदाहरण घालून द्यायचं ठरवलं. घरामागे एक चेंडू फेकला. खांदा गेला. शेजाऱ्यांच्या कुत्र्याने चेंडू आणून दिला आणि पुन्हा फेकायची वाट बघत बसला. मी आत आलो.
संघाची जुनी पँट घालून पाहिली. बावीस वर्षांत कापड आटलंय.
ठराव: उद्यापासून नाश्त्याला फक्त फळं.

१३ मे
बीटवाल्यांनी वॉफल मागवले. नाही म्हणणं राजकीयदृष्ट्या चुकीचं ठरलं असतं.

१९ मे
आजचा सौदा (परस्पर विश्वास) सगळ्यांत सोपा. क्लाइव्ह नूनन म्हणाला, मला खेळायला लावू नका, मत तुमचं. हात मिळवला. असे वीस क्लाइव्ह असते तर मैदान लागलंच नसतं.
मतं: सत्तावीस. वचन दिलेल्या जागा: सतरा. मैदानावरच्या जागा: अजून नऊच. हा तांत्रिक प्रश्न आहे.

२७ मे
घोळ. ज्या दोघांना मी शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली) जागा दिली ते लिफ्टमध्ये एकमेकांना भेटले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये वीस मिनिटं अडकली, त्यामुळे बोलणं सविस्तर झालं. नंतर दोघं मिळून माझ्याकडे आले. तिसरा जिन्याने आला.
मार्ग काढला: निम्मा निम्मा काळ. आधी हा, मग तो. सत्तेच्या खुर्चीला हे चालतं, तर शॉर्टस्टॉपला का चालू नये? तिसऱ्याने विचारलं, आणि माझा निम्मा? त्याला उपमॅनेजर केलं.
तिघंही एकत्रच जिन्याने गेले. समाधान झालं असावं.
बर्निसने विचारलं, मतांची यादी पेनने लिहू की पेन्सिलीने? म्हटलं, पेनने. तिने पेन्सिल घेतली.

३ जून
सकाळी साडेसहाला चुकून हिरवळीवरून गेलो. (नाश्त्याची जागा बदलली होती.) बावीस आमदार हजर. इतके तर मतदानालाही नसतात. रोझलिन शिट्टी वाजवत होती आणि ते रांगेत धावत होते, बसमधून उतरलेल्या पोरांसारखे. इग्नासिओ एकाला बॅट धरायला शिकवत होता. शॉर्टस्टॉपवाले दोघे एकमेकांकडे चेंडू फेकत होते आणि चक्क हसत होते.
मला बघून सगळे थांबले. मी हात हलवला आणि म्हटलं, चालू द्या.
माझी योजना आता माझ्याशिवायही चालते. हेच खरं नेतृत्व.

८ जून
विजयानंतरचं भाषण लिहिलं. अकरा मिनिटं. हॅस्केलला वाचून दाखवलं. तो हसायला लागला, मग खुबा धरून बसला. शस्त्रक्रिया लवकर व्हायला हवी.

१० जून, बुधवार. दुपारी १२:५०
सामन्याचा दिवस. ऊन, वारा बेताचा, दोनेक हजार लोक. आगीचा बंब मैदानाबाहेर उभा, पोरं त्यावर चढलीत. यादी भिंतीवर लावली. पिचर: थर्मन विक. रोझलिनने यादी वाचली आणि पाण्याच्या बाटल्या भरायला गेली.

१:०५
थर्मनचा पहिला चेंडू. अर्ध्या वाटेत टप्पा पडला आणि तिथेच थांबला. पाचही बीटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सहा मतं शाबूत.

१:४०
पहिलाच डाव. समोरचा एकच गडी बाद झालाय, धावा अकरा. सभापतींनी दोनदा बॅटिंग केली आणि दुसऱ्या वेळी बेसवर उभं राहून फोन घेतला.
थर्मन कमरेवर हात ठेवून उभा आहे. चेहरा बीटसारखा. झेलणारा माझ्याकडे बघतोय. मी यादीकडे बघतोय. थर्मनला काढलं तर सहा मतं गेली. सत्ताविसातून सहा गेली तरी एकवीस उरतात, हे खरं. पण सहा म्हणजे सहा.

१:४५
थर्मनने पाणी मागितलं. रोझलिन बाटली घेऊन गेली. दोघं काहीतरी बोलले. ती परतली तेव्हा थर्मन तिच्या खांद्यावर हात टाकून सोबत चालत होता आणि चेंडू तिच्या हातात होता.
लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. थर्मनने टोपी काढली. त्याचे डोळे ओले दिसले. ऊन फार आहे.
ती मला शांतपणे म्हणाली, "लोवेल, आता इग्नासिओला टाकू द्या."
मी म्हटलं, असे निर्णय मॅनेजर घेतो. ती म्हणाली, बरोबर आहे, म्हणून तर तुम्हाला विचारतेय. मी यादी पुन्हा वाचतो म्हटलं.
तेवढ्यात बाकावर कोणीतरी हात वर केला. मग शेजारच्याने. मग सगळ्यांनी. थर्मनने त्याच्यापरीने, कोपरापर्यंत. उपमॅनेजरचे तर दोन्ही हात वर. क्लाइव्ह नूनन प्रेक्षकांत हॉटडॉग खात बसला होता. काय चाललंय हे त्याला तिथून कळणं शक्य नव्हतं, तरी त्याने हॉटडॉग वर केला.
परिस्थितीचा एकूण विचार करून मी रोझलिनकडे तात्पुरता कार्यभार सोपवला आणि उंचावरून डावपेच नीट दिसावेत म्हणून प्रेक्षकांत जाऊन बसलो. क्लाइव्हने जागा दिली.

४:२०
जिंकलो.
१३–१२. दहा वर्षांत पहिल्यांदा. इग्नासिओच्या हाती चेंडू गेल्यावर पुढच्या सगळ्या डावांत त्यांना एकच धाव मिळाली. आमची मंडळी एकेक दोनदोन करत अकराची दरी भरून काढत गेली. शॉर्टस्टॉपवाल्या दोघांनी आपसांत ठरवून जागा बदलल्या, मला न विचारता. सातव्या, शेवटच्या डावात बारा-बारा. रोझलिन स्वतः बॅटिंगला. पन्नाशीची बाई, चष्म्याला मागे दोरी. दोन चेंडू सोडले. तिसरा पहिल्या बेसवाल्याच्या डोक्यावरून गेला आणि आमचा माणूस धावत होम बेसवर पोचला.
मी उभा राहून ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. क्लाइव्ह म्हणतो, मी रोझलिनचं नाव घेत होतो. प्रेक्षकांत गोंगाट होता, त्याने चुकीचं ऐकलं असेल.
फोटोत मी आहे. मागून तिसऱ्या रांगेत. टोपी ओळखू येते.
या विजयाचं श्रेय कोणाला, हे उद्या पक्ष ठरवीलच.

११ जून, गुरुवार. सकाळी ८:१५
मतदान दहाला. छान झोप. निळा टाय.
कॅफेटेरियात थर्मन भेटला. त्याचा हात गळ्यात बांधलेला. मी म्हटलं, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास होता. तो म्हणाला, "पोरा, मी म्हातारा झालोय हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं. तुला दोन महिने मिळाले होते." मग म्हणाला, तिने एका बाटलीत सांगितलं, आणि तेही मला लाज वाटू न देता.
मन मोकळं केलं त्याने माझ्याजवळ. सहा मतं पक्की.

सकाळी ९:५०
मनात एक विचार आला. माझी सत्तावीस. उरलेली चौदा कोणाला जातील कोण जाणे. रोझलिनला कोणीच दिलं नाही तर? कालच्या दिवसानंतर हॅस्केलने तिच्या नावापुढे शून्य वाचणं बरं दिसणार नाही. मोठ्या माणसाने अशा वेळी मन मोठं करावं. माझ्या एका मताने मला काय फरक पडणार?
चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं. घडी घातली. बरं वाटलं.

दुपारी १२
हॅस्केलने चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या.
ऑकर. ऑकर. ऑकर.
पहिल्या नऊ झाल्या तेव्हा वाटलं, माझ्या सगळ्या तळाशी असणार. पंचविसाव्या चिठ्ठीनंतर हॅस्केल पाणी प्यायला. तिसाव्यानंतर मी पायमोजे वर ओढले.
अडतिसावी: ग्रबनर. म्हणजे मी. खोलीत सगळ्यांनी वळून पाहिलं. माझ्याकडे नव्हे, एकमेकांकडे. हे कोणी केलं, असं.
मग पुन्हा ऑकर, ऑकर, ऑकर.
चाळीस. एक.

दुपारी १:३०
एक माणूस. चाळीस जणांच्या लाटेविरुद्ध उभा राहिलेला एक खंबीर माणूस पक्षात आहे. तो शोधायलाच हवा. थर्मन नाही, त्याने स्वतःच सांगितलं. इग्नासिओ म्हणाला, मी विचार करून ठरवलं. काय ठरवलं ते विचारलं नाही. क्लाइव्हला विचारलं. तो म्हणाला, मी शब्द दिला होता खरा, पण तुमचा संघ पाहिल्यावर मन धजेना.
बर्निसला एकतीस वर्षांचा अनुभव. ती म्हणाली, साहेब, शोधू नका.

दुपारी ३
जिन्यात रोझलिन भेटली. दोन पायऱ्या उतरून माझ्या बरोबरीला आली. अभिनंदन केलं. तिने आभार मानले आणि जरा अडखळली. मग म्हणाली, "मी तुम्हालाच दिलं होतं, लोवेल. म्हटलं, तुम्हाला शून्य पडलं तर वाईट दिसेल."
मी म्हटलं, जिना फार चढा आहे. ती हो म्हणाली.

संध्याकाळी ६:१०
अर्लीनने खिम्याचा मीटलोफ केलाय. विचारलं, किती पडली? एक. कोणाचं? सांगितलं. तिने हातातला चमचा खाली ठेवला. मग विचारलं, आणि तुझं कोणाला? तेही सांगितलं.
तिने माझ्या ताटात वाढलं, नेहमीपेक्षा मोठा तुकडा. मग माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "दोन महिन्यांत तू एवढ्या जागा वाटल्यास, त्यातली ही एकच बरोबर माणसाला दिलीस."