जयवंताच्या लग्नाची सायकल

१० फेब्रुवारी १९७४

डावं पायडल गायब! काल सोत्ताच्या हातानं कसलं होतं. सकाळी शेतात गेलो तवा होतं, दुपारी येऊन पाहतो तर क्रँकला नुसतं भोक. आईला विचारलं. "मला काय इचारतो? मी काय पायडलाची भाजी केली?"

पायडल उंदीर नेत न्हाई. कुणीतरी माणूस हाय.

जयवंताच्या लग्नाची सायकल ही. हसनाबादच्या नवरदेवाकडच्या पाहुण्यांनी सुपारी फोडतानाच बजावलं — हळदीच्या आधी सायकल दारात पाहिजे, चेनकव्हरवाली, डायनामोवाली. न्हाई तर लग्न न्हाई. दुकानातली नवी आणायची आपली ऐपत न्हाई. मी म्हणालो, फिकर करू नका, माझ्या धाकट्या बहिणीची सायकल मी बनवतो! फ्रेम दुष्काळी कामावरच्या मुकादमाची, मोडीत टाकलेली. रिमा जालन्याच्या भंगारातून. घासून, रंग मारून अशी करीन की कारखान्यातल्या सायबानं बी म्हणावं, आमचीच हाय! या ओसरीत मी जोडलेली एक बी सायकल आजवर परत आली न्हाई. अख्ख्या वाटुरात विचारा.

११ फेब्रुवारी

पायडल सापडलं. उकिरड्यावर. आटे एकदम साबूत!

इथंच माझा संशय पक्का झाला. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. सगळी दुनिया ज्या बाजूला फिरवून नट ढिला करते, त्या बाजूला हे उलट आवळतं. ज्याला माहीत न्हाई तो घाम गाळत बसतो. वाटुरात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक. एक मी. अन् दुसरा धुळाजी!

आमचा चुलतभाऊ. फाट्यावर त्याचं सायकलीचं दुकान. आईला म्हणाला होता, "काकू, पाहुण्याला भंगाराची सायकल देऊन नाक कापून घेऊ नका, जालन्याहून नवी आणून देतो." मी बिलकुल न्हाई म्हणालो. तवापासून त्याचं तोंड वाकडं.

१३ फेब्रुवारी

जयवंताला बजावलं, धुळाजी आला तर आत घेऊ नको. ती पाहतच राह्यली. "धुळाजीदादा काहून करंल असं?" भोळी हाय पोरगी. दुसरं कुणी नसतं, ही रोज माझ्यापाशी बसते. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना चाक धरते, मागायच्या आधी बराबर पाना हातात ठेवते. तिच्याचसाठी चाललंय ना सगळं.

१६ फेब्रुवारी

पुढच्या चाकाच्या तारा ढिल्या! सगळ्या! रिम जिलबीसारखी झाली. तोडल्या न्हाईत, चावी लावून सोडल्यात. जाणकाराचंच काम.

आईला विचारलं, धुळाजी आल्ता का? "आल्ता. चहा पिऊन गेला."

झालं!

१८ फेब्रुवारी

सायकल उचलून आतल्या खोलीत, कणगीच्या मागं नेली. दाराला कुलूप. किल्ली आईच्या कमरेला. आता ये म्हणावं, धुळाजी!

१९ फेब्रुवारी

क्रँक धरून ठेवणारी कॉटर पिन गेली. कुलूप जशाला तसं!!

२० फेब्रुवारी

डोकं चालंना. आईनं किल्ली दिली असंल? पण तिला तर लग्नाची माझ्याहून जास्त घाई. मंग शेजारची मालनबाई? दिवसभर दारात बसून आमच्याकडं टक लावते. तिचा नवरा धुळाजीच्या दुकानापुढं पत्ते कुटत असतो. टोळीच हाय ही! भाकर खाताना बी वाटून राह्यलं, कुणीतरी पाहतंय.

खोलीत चुलीची राख पसरून ठेवली. पाऊल उठलं की धरलाच.

२१ फेब्रुवारी

ब्रेकची तार सुटलेली. राखेत पावलं उठलीत, पण ती घरच्याच बायांची. ज्वारी काढायला गेल्या असतील. म्हणजे चोर सोत्ताची पावलं पुसून गेला. किती पोचलेला असंल!

२३ फेब्रुवारी

आज न्हाई राहवलं. फाट्यावर जाऊन धुळाजीची गचांडी धरली. सगळ्यांसमोर चोर म्हणालो. "तुझ्या खटाऱ्याला हात लावायला मला येड लागलंय का?" मी म्हणालो, घे शपथ. त्यानं बिरोबाची घेतली. घेणारच! नुसती तोंडाची वाफ तर दवडायची. लोकांनी आम्हाला सोडवलं. त्याचा सदरा फाटला, माझं बटण गेलं.

हळद आठवड्यावर आली. त्याच्या आधी पाहुणे सायकल पाहायला येतील. उद्या परतूरला जातो, ठाण्यात तक्रार देतो. पोलिसांचा दंडुका बसला की बोलतोच तो.

२४ फेब्रुवारी

परतूरला गेलो न्हाई.

टोपी घालून निघालो तर जयवंता दारात आडवी. "दादा, ठाण्यात जाऊ नको. धुळाजीदादाला मारतील. त्यानं काहीच केलं न्हाई. मी खोललं सगळं."

मी हसलो! खरंच हसलो. म्हणालो, बाई, पायडल कोणत्या बाजूला सुटतं ते तरी ठाऊक हाय का? तिनं हात फिरवून दाखवलं. बराबर. आई पाण्याला गेली की रांजणापाशी किल्ली ठेवून जाते, ते बी सांगितलं.

बांगड्यावाली तुळजाबाई हसनाबादकडं फिरते. तिनं जयवंताला सांगितलं — नवरदेवाची पहिली बायको मेली म्हणतात ते खोटं. जिती हाय. त्यानं चुलीतल्या लाकडानं भाजून तिला माहेरी हाकललं. जयवंतानं हे आईच्या कानावर घातलं होतं. आई म्हणाली, "सुपारी फुटलीय. आता आपण मोडलं तर तुला कोण करून घेईल? लोक म्हणतील, पोरीतच खोट हाय."

"मंग मी म्हणलं, सायकलच न्हाई झाली तर तेच मोडतील. माझ्याकडं कुणी बोट दाखवणार न्हाई."

मला काहून न्हाई सांगितलं?

"दोनदा आले सांगायला. तू म्हणला, थांब, फ्रीव्हील बसवून राह्यलो."

लाज वाटली. अशी लाज आयुष्यात वाटली न्हाई. चोर गावभर हुडकला अन् बहिणीला एकदा विचारलं न्हाई, बाई, तुला जायचंय का तिथं.

२६ फेब्रुवारी

तुळजाबाईकडून गावाचं नाव घेतलं अन् नवरदेवाच्या पहिल्या बायकोच्या माहेरी जाऊन आलो. म्हणालो, बहीण द्यायची हाय त्या घरात. तिनं पदर सारून हात दाखवला.

आईला सांगितलं. आई भिंतीकडं तोंड करून बसली. "मला वाटलं, बाया वाढवून सांगतात," म्हणाली.

२७ फेब्रुवारी

धुळाजीकडं गेल्तो. चुकलो म्हणालो. "मंग चोर कोण निघाला ते सांग." सांगता येईना. फाट्यावर फुटलेली गोष्ट हसनाबादला पोचायला किती वेळ लागतो! त्यानं पंपाची नळी माझ्या पायाशी फेकली. "चालता हो." बराबर हाय त्याचं. त्याच्या जागी मी असतो तर पंपच फेकला असता.

१ मार्च

पाहुणे आले. ओसरीपुढं सगळा गाव गोळा, धुळाजी बी. नवरदेवाचा चुलता पुंजाराम म्हणाला, "हं, कुठंय सायकल?"

मी म्हणालो, न्हाई झाली. मला सायकल जोडता येत न्हाई. आजवर नुसत्या बढाया मारल्या.

पुंजाराम पाय आपटत उठला. "अशा थापाड्याच्या घरची पोरगी आम्हाला नको!" गाव हसला. धुळाजी सगळ्यांत मोठ्यानं हसला, पोट धरून. मी मान खाली घातली ती वर केलीच न्हाई. न्हाई तर माझं बी हसू पाहुण्यांना दिसलं असतं.