अक्षर अण्णांचंच होतं

प्रिय मंगलवहिनी,

काल वसई कोर्टात आपल्या केसचा निकाल लागला. तुम्ही जिंकलात! पण ऐकायला तुम्ही नव्हतात. तुम्हाला जाऊन चार महिने झाले. तुमचे प्रकाशदादा एकटेच बाकावर बसले होते. तुमच्यापर्यंत हा निकाल कोण पोचवणार? म्हणून लिहितोय.

अण्णा गेल्यावर गोखिवऱ्याच्या आमच्या चाळीचा कारभार मुलगा म्हणून माझ्याकडे आला. त्यांच्या वहीत तुमच्या खोलीपुढचे नऊ महिने कोरे दिसले. मी तडक तुमच्या दारात.

"भाऊजी, आत तर या. सगळं भाडं दिलंय मी. पावत्या आहेत माझ्याकडे."

मी आत आलो नाही. अख्खी चाळ ऐकत असताना तुम्हाला भाडेबुडवी म्हणालो. माझी आई गेली तेव्हा दोन वर्षं माझा शाळेचा डबा तुम्ही भरलात, तेही त्या दिवशी आठवलं नाही. सरळ थकबाकीचा दावा लावला.

कोर्टात तुमच्या पावत्या निघाल्या. काही महिन्यांच्या तर दोन-दोन! माझ्या वकिलांनी विचारलं, "एकाच महिन्याचं भाडं कुणी दोनदा देतं का बाई?"

तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत. मग हळूच म्हणालात, "अण्णा विसरायचे. परत मागायला यायचे. दिलंय म्हटलं की गोंधळायचे, डोळ्यांत पाणी यायचं. मग मी द्यायचे."

वकील म्हणाले, पावत्या बनावट आहेत. वहिनी, अक्षर अण्णांचंच होतं. मी बघताक्षणी ओळखलं होतं. तरी गप्प बसलो. कारण अक्षर कबूल केलं असतं, तर बाप विसरत चालला होता आणि रिक्षाने पंधरा मिनिटांवर, एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्या मुलाला त्याचा पत्ता नव्हता, हेही कबूल करावं लागलं असतं.

त्या एका गप्प बसण्याने केस आणखी दीड वर्ष चालली. पावत्या तपासायला गेल्या, तारखा पडत राहिल्या. तुम्ही प्रत्येक तारखेला यायचात. जिना चढताना धाप लागायची, कठड्याला धरून उभ्या राहायचात. मी बाजूने निघून जायचो. तुमचा आजार मला दिसत नव्हता, असं कसं म्हणू?

रागावू नका, पण एक विचारतो. अण्णांच्या विसरण्याचं मला वेळेवर का नाही कळवलंत? काल दादांनाच विचारलं. ते म्हणाले, "अण्णांनी हात जोडले होते तिला. सुहासला सांगू नकोस, तो मला इथून उचलून नेईल, म्हणाले. शब्द दिला होता तिने."

जास्तीचं भाडं परत करायचा हुकूम झालाय. लगेच देतो म्हटलं. दादा जिन्यातच थांबले. "पैसे देशील रे. पण अक्षर अण्णांचं आहे, एवढं ती असताना बोलला असतास तर?"



वकील अपील करू म्हणतात. मी करणार नाही. रविवारी चाळीत येतोय. सगळ्यांना बोलावून सांगेन, की मंगलवहिनींकडे एक रुपयाही बाकी नव्हता आणि हे मला कोर्टातल्या त्या दिवसापासून माहीत होतं. दादांनी तोंड फिरवलं तरी सांगेन. कुणी शिव्या घातल्या तर ऐकून घेईन. हा माझा शब्द.

माफी मागायला तोंड नाही.

तुमचा,
सुहास